किरायवाल्या गोकुळाबाई

बेलटोल्यात घर किरायानं देण्याची रीत नव्हती. गाव ब्रह्मपुरीपासून फार लांब नाही. मोठ्या रस्त्यावर जाऊन उभं राहिलं की काळीपिवळी जीप मिळते, आणि ब्रह्मपुरीत तर कॉलेजमुळे गल्लोगल्ली किरायाच्या खोल्या आहेत. बेलटोल्यात मात्र सोयरा आला तर सोयरा म्हणून राहायचा आणि मजूर ज्याच्या कामावर आला त्याच्या गोठ्यात पडायचा. शाळेचे मास्तर मोटरसायकलवर ये-जा करायचे. एकाच्या घरात दुसऱ्यानं महिन्याचे पैसे देऊन राहायचं, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं ते गोकुळा पचारेमुळे.

गोकुळा मूळची वैनगंगेच्या काठच्या एका गावची, धिवराची. नवरा डोमा तीन भावांत धाकटा. तिघं मिळून नदीत जाळं टाकायचे, पाणी आटलं की मजुरीला जायचे. घर एकच होतं. थोरल्याच्या मुलांची लग्नं झाली, एकेक खोली एकेकाकडे गेली आणि डोमाच्या वाट्याला गोठ्याला लागून असलेली सपरी, म्हणजे उघडी ओसरी, उरली. भांडण असं झालं नाही. एका पावसाळ्यात गाय आत आणावी लागली, तेव्हा गोकुळा, डोमा आणि लहानगी रिंकू भिंतीला पाठ लावून बसून राहिले. दिवाळी झाली आणि ते निघाले.

बेलटोल्याच्या शिवेवर धानाची मिल आहे. तेव्हा ती हरिदास नावाच्या माणसाची होती. तो ब्रह्मपुरीत राहायचा, हंगामात रोज यायचा. डोमाला पोती उचलायचं काम मिळालं आणि मिलच्या मागे टिनाची एक खोली मिळाली. "राहाले फुकट," असं हरिदासनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते खरंही होतं. खोलीचे पैसे त्यानं कधी मागितले नाहीत.

खोलीत कोंड्याची धूळ भरायची. उन्हाळ्यात टिनाखाली बसवत नसे. पण गोकुळाला त्याचं फारसं वाटलं नव्हतं; तिनं वाईट जागा पाहिल्या होत्या. तिला जाचलं ते वेगळंच. ट्रक कोणत्याही वेळी यायचा, आणि डोमा तिथंच राहत असल्यामुळे त्यालाच हाक यायची. आवार झाडायचं काम गोकुळाकडे आलं. मग ड्रायव्हर लोकांचा स्वयंपाक आला. त्या कामाची मजुरी ठरली नव्हती. तिथंच तर राहतात, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गोकुळानंही धरलं होतं.

नव्या धानाचा हंगाम जोरात असताना रिंकूला ताप आला. गोकुळा तिला शेजारच्या गावच्या उपकेंद्रात न्यायला निघाली होती. पोर खांद्यावर होती, चप्पल पायात घातली होती, आणि हरिदास दारात आला.

"दोन ट्रक आले. जेवणाचं पाहून घे."

"पोरीले ताप आहे जी. दवाखान्यात नेऊन राह्यली."

"स्वयंपाक करून जा ना. कोणी अडवलं काय तुले?"

"आज नाई होत शेठ."

हरिदासनं आवाज चढवला नाही. तो तसा माणूसही नव्हता. त्यानं खोलीच्या टिनाकडे पाहिलं आणि विचारलं, "गोकुळा, खोली कोणाची आहे?"

गोकुळानं रिंकूला खाली निजवलं आणि चूल पेटवली. स्वयंपाक आटोपून ती उपकेंद्रात पोचली तेव्हा नर्सबाई निघून गेल्या होत्या. पुढं अघटित काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी औषध मिळालं, ताप उतरला, पोर खेळायला लागली. हरिदासनंही नंतर पोरीची चौकशी केली. पण तो प्रश्न गोकुळाच्या डोक्यातून गेला नाही. डोमा जेवायला बसला की ती तेच काढायची.

"आपण किरायानं घर पाहू."

डोमाला हसू आलं. "खेड्यात किरायानं? तू काय तहसीलदार होय?"

"किराया देला म्हंजे कोणी विचारणार नाई खोली कोणाची म्हणून."

"विचारन ना. दर महिन्याले विचारन."

"दर महिन्याले एक डाव विचारन. रोज नाई."

बेलटोल्यात रिकामी घरं नव्हती असं नाही. नोकरीला, मजुरीला, पोरांच्या शिक्षणाला माणसं चंद्रपूर, नागपूरकडे गेली होती आणि मागे कुलपं राहिली होती. काही घरांच्या अंगणात एरंड माजला होता, एकाच्या छपरातून कवेलू सरकून आत पाऊस पडत होता. गोकुळा एकेका घराची चौकशी करत फिरली. इंदुताई म्हणून एक बाई चंद्रपूरला मुलाकडे राहायच्या; त्यांच्या घराची किल्ली शेजारच्या शकुबाईकडे होती. शकुबाईनं गोकुळाला चहा पाजला आणि सांगितलं, "नाई बाई. उद्या तुमी कब्जा केला तं मी इंदुताईले कोणतं तोंड दाखवू?" दुसऱ्या एका घरच्यांच्या गळ्यात माळ होती. तुम्ही मच्छी रांधणार, आमच्या चुलीवर ते चालायचं नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. आणखी एकानं घर द्यायची तयारी दाखवली, पण त्याला घर राखायला आणि बैलांना चारापाणी करायला माणूस हवा होता. म्हणजे पुन्हा मिलचीच गोष्ट. कुणी अपमान केला नाही. चहा मात्र बराच झाला.

शेवटी ती डोमाला घेऊन नानाजींकडे गेली.

नानाजी आणि रुखमाबाई म्हणजे धानाची थोडी शेती असलेलं म्हातारपणाकडे झुकलेलं जोडपं. मुलगा निकेश नागपूरला कामाला. त्यांनी नुकतंच सिमेंटचं नवं घर बांधलं होतं, आणि त्याच अंगणात समोर जुनं मातीचं घर तसंच उभं होतं. त्यात धानाची ढोली, नांगर आणि मोडका पलंग होता. सवड झाली की ते पाडायचं, असं नानाजी गेल्या वर्षापासून म्हणत होते. गोकुळा सपरीत टेकली आणि सरळ विषयावर आली.

"नानाजीभाऊ, हे जुनं घर आमाले देता काय? किरायानं."

"राहा ना. खालीच तं पडून आहे. किराया कायले?"

"किराया घ्या जी. फुकट नाई राहाचं मले."

नानाजींनी रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग आवाज उतरवून म्हणाले, "गरीब माणसापाशून घराचे पैसे घेऊ? लोकं थुंकतीन माह्यावर. म्हणतीन, नानाजीले आता भाकर पुरत नाई, किराया खाऊन राह्यला."

गोकुळानं पुन्हा म्हणून पाहिलं. नानाजी जितके भले तितकेच ठाम होते. पैसे न घेण्यात त्यांचा मान होता. डोमानं मागून तिचा पदर ओढला. देतात तर घे, असं त्याचं म्हणणं. यांनी खोली सोडली म्हणून हरिदासनं दोन दिवस तोंड फिरवलं, पण त्यालाही उचलणारे हात हवेच होते. डोमाची हमाली चालू राहिली आणि ते बेलटोल्याच्या आत राहायला आले, फुकट.

घर गोकुळाला मनापासून आवडलं. जाड भिंती, आत गारवा. तिनं पांढरी माती आणून भिंती पोतारल्या, चूल नवी घातली. घरामागच्या सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, पलीकडे तलावाची पाळ होती. तलावावरच्या मच्छीमारांना जाळं ओढायला माणूस कमी पडला की ते डोमाला बोलावत, आणि वाट्याची मासळी घरी येई. रिंकू शाळेत जायला लागली.

पहिल्या महिन्यात रुखमाबाईनं एकदा दळण आणायला सांगितलं. गोकुळानं आनंदानं आणलं. मग शेणपाणी सांगितलं, पाहुणे येणार म्हणून सपरी सारवायला सांगितली. मोहफुलं वेचायला रुखमाबाई निघाली की गोकुळाला हाक येई आणि वेचलेली फुलं रुखमाबाईच्या टोपल्यात जात. रुखमाबाई कंजूस नव्हती. ती डाळ द्यायची, लुगडं द्यायची, रिंकूच्या केसांना तेल लावून द्यायची. तिच्या मनात हिशेब नव्हता. तिच्या अंगणात राहणारी बाई ही घरातलीच, आणि घरातल्या बाईला काम सांगताना कुणी विचार करतं का? गोकुळाला नाही म्हणता येत नव्हतं. नाही म्हणायला तिच्याकडे काही कारणच नव्हतं.

पाऊस लागला, पऱ्ह्यातली धानाची रोपं लावणीजोगी झाली आणि रोवणा आला. या दिवसांत झाडीपट्टीत बाईच्या हाताला सोन्याचा भाव असतो. सगळ्यांच्या बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं, एकाच वेळी तयार होतात आणि बाया तेवढ्याच असतात. गोकुळा एका गटात होती. गटानं सोमाजी नावाच्या शेतकऱ्याचं काम धरलं होतं, ठरल्या मजुरीवर. सकाळी ती डोक्याला फडकं बांधून निघाली तर रुखमाबाई अंगणात उभी.

"आपल्या बांधीत चाल. पऱ्हा उपटून ठेवला आहे."

"आज सोमाजीकडे सांगितलं आहे माय. गटाचं काम आहे. आपलं उद्या करतो."

"आमच्या घरात राहाचं आन् रोवणा सोमाजीचा कराचा?"

रुखमाबाई एवढंच बोलली. ती रागानंही बोलली नव्हती, तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. गोकुळा अंगणात उभी राहिली. गटातल्या बायांनी रस्त्यावरून हाक मारली, तिनं त्यांना पुढं जायला सांगितलं. मग ती घरात गेली आणि सामान बाहेर काढू लागली.

आधी भांडी आली, मग गाठोडं, मग पिठाचा डबा. वरून झिमझिम चालू होती. डोमा तलावावरून खांद्यावर जाळं घेऊन आला आणि आपला संसार अंगणात पाहून जागच्या जागी थांबला. नानाजी धोतर सावरत नव्या घरातून बाहेर आले.

"हे काय होय? काऊन काढून राह्यली सामान?"

"निघतो भाऊ."

"कुठी?"

"माहीत नाई."

"कोणी जा म्हटलं काय तुले?"

"कोणी नाई म्हटलं. तुमी लय चांगले आहा. पण मी तुमचं फुकट खातो, म्हून मले तुमचं ऐकनं लागते. मले ऐकनं नाई लागे असं राहाचं आहे. किराया घ्या, नाई तं निघतो."

"अवो पण मी कसा घेऊ? चार माणसात मले..."

"मंग निघतो."

नानाजी डोमाकडे वळले. डोमानं जाळं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याला त्या क्षणी बायकोचा राग आला होता; छप्पर असलेलं घर माणूस असं सोडतं का? पण तो बोलला नाही. एवढी वर्षं झाली तरी त्या दिवशी आपण काही बोललो नाही याचं त्याला बरं वाटतं, असं तो सांगतो.

तोड निघाली ती रुखमाबाईकडून. ती इतका वेळ पिठाच्या डब्याकडे पाहत होती. तिनं तो उचलून सपरीत, कोरड्यात नेऊन ठेवला.

"देतो म्हणते तं घ्या ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"मले नाई जमे."

"मंग मी घेतो." ती गोकुळाकडे वळली. "माह्या हाती देत जा. त्यायले लाज वाटते तं त्यायले नोको देऊ."

नानाजी आत निघून गेले. किराया किती, हे दोन बायांनी अंगणात पावसात उभ्या राहून ठरवलं. रोवण्याच्या मजुरीवरून त्यांनी तो बसवला आणि तो फार नव्हता. मग गोकुळानं सामान आत ठेवलं आणि उशीर झाला तरी सोमाजीच्या बांधीत गेली. दुसऱ्या दिवशी ती रुखमाबाईच्या बांधीत होती. संध्याकाळी इतर बायांच्या रांगेत उभं राहून तिनं मजुरी घेतली.

गावाला ही गोष्ट पचायला वेळ लागला. लोक नानाजींना पारावर चिडवत, आणि नानाजी ते रुखमाचं खातं आहे म्हणून हात झटकत. गोकुळाला गावानं नाव दिलं, किरायवाली. तिनं ते मनावर घेतलं नाही. रुखमाबाईच्या बाबतीत मात्र एक फरक पडला, जो कुणाच्या लगेच लक्षात आला नाही. शेतीचा पैसा नानाजींच्या हाती यायचा, निकेशचा पैसा नानाजींच्या नावानं यायचा. दर महिन्याला आपल्याच हाती येणारं असं तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही आलं होतं. त्यातून तिनं पहिल्यांदा काय घेतलं, तर चष्मा.

आणि आता गोकुळालाही बोलता येऊ लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं सांगितलं, "किराया घेता तं कवेलू फेरून द्या. चुलीवर गळते."

"पाह्य, आता मलेच हुकूम सोडून राह्यली!" नानाजी बायकोला म्हणाले, पण वर चढले. फुटके कवेलू काढून ते नवे बसवत गेले, डोमा खालून एकेक हाती देत होता. नांगरही त्यांनी आपणहून दुसरीकडे नेला. रुखमाबाईचंही बोलणं असायचंच. जाळं तुळशीकडे वाळत घालायचं नाही, मासळी साफ करायची ती सांदवाडीत. गोकुळा ऐकायची. कधी दोघी आठ-आठ दिवस बोलत नसत. पण त्या अबोल्यातही महिना भरला की किराया दिला जाई, घेतला जाई, आणि खोली कोणाची हे कुणी कुणाला विचारत नसे.

रिंकू दहावी झाली, शिवणकाम शिकली, आणि तिला पाहायला पाहुणे येऊ लागले. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस होते. या दिवसांत गावोगाव नाटकं असतात आणि नाटकाच्या निमित्तानं सोयरेधायरे फिरत असतात. चिमूरकडचं एक घर आलं. मुलगा बरा होता, मुलगी त्यांना आवडलेली दिसत होती. चहा झाल्यावर मुलाच्या मामानं घर न्याहाळत विचारलं, "घर सोताचं होय ना?"

डोमा कपबशीकडे पाहू लागला. समोरच्या सपरीत नानाजी बसले होते, त्यांनी ऐकलं आणि मदतीला धावले. "तसं त्यायचंच समजा जी. इतके वर्सं झाले..."

"किरायाचं होय," गोकुळा म्हणाली. "नानाजीभाऊचं घर आहे. आमी दर महिन्याले किराया देतो."

मामा थोडा गोंधळला. "मंग लगनपत्रिकेत गाव कोणतं टाकाचं?"

"बेलटोला टाका. राहतो तं इथीच."

पाहुणे कळवतो म्हणून गेले आणि कळवलं नाही. डोमा बायकोवर इतका चिडलेला रिंकूनं कधी पाहिला नव्हता. "घडीभर चूप बसली असती तं काय बिघडत होतं?" गोकुळा भिंतीकडे तोंड करून निजून राहिली, आणि त्या दिवशी चूल रिंकूनं पेटवली. आपण खरं बोललो याचा गोकुळाला अभिमान वगैरे वाटत नव्हता. आपल्यापायी पोरीचं जमत आलेलं मोडलं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याच हिवाळ्यात ती पंचायतीत घरकुलासाठी गेली. आधीही गेली होती. घर बांधायला सरकार मदत करतं, पण जागा आपली लागते. बेलटोल्याच्या गावठाणात मोकळी जागा नाही, चहूकडे धानाच्या बांध्या आणि त्यापुढे जंगल. जागेचं काही होईल तेव्हा सांगू, असं तिला सांगितलं गेलं. सांगणाऱ्याच्या हातात तेवढंच होतं. ती अजून वाट पाहतेच आहे.

पुढच्या वर्षी रिंकूचं जमलं. मुलगा ब्रह्मपुरीत काळीपिवळी चालवतो, आई आणि तो किरायाच्या खोलीत राहत होते. पाहायला आल्यावर त्याच्या आईनं घर कुणाचं हे विचारलं नाही. तिनं वर पाहून विचारलं, "गळत तं नाई ना?" आणि दोन्ही बाया हसल्या. मांडव अंगणात पडला, आणि तो दोन्ही घरांवरून गेला पाहिजे असा रुखमाबाईनं हट्ट धरला.

त्यानंतर दोन वर्षांनी नानाजी गेले. निकेश आला, तेरवी करून आईला नागपूरला घेऊन गेला, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आला. स्वतः नागपूरलाच राहून, गावात माणूस ठेवून सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. जुनं घर पाडून तिथं गोदाम होणार होतं. तो गोकुळाच्या सपरीत खाली मान घालून बसला.

"काकू, पावसाच्या पयले घर खाली करून द्यान काय? घाई नाई. दोन-तीन महिने घ्या."

"देतो."

"वाईट नोको वाटू देऊ."

"तुह्यं घर होय बाबू. मी किरायानं राहतो."

तो गेल्यावर डोमा म्हणाला, "फुकट राह्यलो असतो तं त्याची हिंमत झाली नसती. घरचे झालो असतो आपण."

इतकी वर्षं किराया हा जो शब्द गोकुळानं धरून ठेवला होता, त्यानंच निकेशची वाट मोकळी केली होती. हे तिला दिसत होतं. "झालोही असतो," ती म्हणाली. "नसतोही झालो." त्या रात्री ती जेवली नाही.

घर शोधायला मात्र या वेळी तिला फिरावं लागलं नाही. बातमी पसरली आणि चंद्रपूरहून इंदुताईंचा फोन आला. त्यांच्या बंद घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली होती. शकुबाईनं फोनवर सांगितलं होतं की नानाजींचं जुनं घर तेवढ्याच वयाचं असून उभं आहे, कारण आत माणूस राहतो, लिंपतो, कवेलू पाहतो.

"गोकुळा, तू येऊन राहा आमच्या घरी," इंदुताई म्हणाल्या. "पैसे नाई मागत मी. तेवढं घर राखलं जाईन."

"किराया सांगा ताई."

"अगं पण मागून भिंत नाई त्याले."

"भिंत होयेपर्यंत अर्धा घ्या. झाली का पुरा. आन् भिंतीचं सामान तुमचं, मेहनत आमची. आणखी एक सांगतो. घर खाली कराले लावान तं पयले एक हंगाम आधी सांगाचं. रोवण्यात नाई काढाचं."

पलीकडे इंदुताईंनी मुलाशी काही बोलणं केलं. मग हो म्हणाल्या. या साऱ्याची कुठं नोंद झाली नाही, फोनवर बोलणं झालं एवढंच. गोकुळाला तेवढं पुरलं. पुरवून घेण्यावाचून इलाजही नव्हता.

भिंत पावसाआधी उभी राहिली. डोमाच्यानं आता पोती उचलवत नाहीत, पण चिखल तुडवणं जमतं. एकेक थर वाळू देत दोघांनी ती वर नेली. किल्ली घेऊन बसणारी शकुबाई रोज सकाळी पाहायला यायची आणि कुठं वाकडी झाली ते सांगायची. बेलटोल्यात आता आणखी दोन-तीन कुलपं उघडली आहेत. एका घरात उपकेंद्रातली नर्सबाई राहते, एकात भामरागडकडून आलेलं जोडपं. ते रस्त्याच्या कामावर आहे, आणि पुरानं वाटा तुटून पोरांची शाळा पावसाळ्यात बंद पडू नये म्हणून त्यांनी इकडे घर केलं. दोन्ही घरांचा किराया ठरताना गोकुळाला बोलावलं होतं. बाकीची घरं बंद आहेत, आणि त्यातली काही या वर्षी टिकतील असं वाटत नाही.

यंदा रोवणा अर्ध्यावर असताना रुखमाबाईचा नागपूरहून फोन आला. गोकुळा बांधीतून येऊन पाय धूत होती. तिनं ओल्या हातानंच फोन कानाला लावला.

"कशी आहेस वो?"

"बरी आहो माय. तुमी?"

"कायची बरी. तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमी बी किरायानंच आहो बाई इथी. मालकीण भिंतीले खिळा ठोकू देत नाई. ह्यायचा फोटो आणला, तो कपाटावर उभा करून ठेवला आहे."

"विचारून पाहा ना तिले."

"निकेश म्हणते, नोको विचारू."

"तुमी सोता विचारा. पाहिजे तं भोक बुजवून देतो म्हणा, जाताना."

"असं म्हणता येते?"

"येते ना. किराया देता तुमी."

मग रुखमाबाईनं विचारलं की पऱ्हा कसा आहे, कोणाच्या बांध्या राहिल्या, तलाव भरला की नाही. गोकुळा एकेक सांगत राहिली. आत भात उतू जायला लागला, तेव्हा डोमानं उठून झाकण काढलं.